प्रेशर कुकरमधलं व्हिनेगरवालं पुल्ड पोर्क : सगळ्यांना पडणारे प्रश्न

नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले-डरहम-कॅरी पट्ट्यात मराठी मंडळी भरपूर, आणि त्यातले पोर्क खाणारे कधी ना कधी विचारतातच की ते इथलं आंबट-तिखट बार्बेक्यू, म्हणजे पुल्ड पोर्क (मऊ शिजवून धागे मोकळे केलेलं डुकराचं मांस), घरी कुकरात होतं का. होतं. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून टाकलंय. घाई असेल तर थेट प्रमाणावर जा, पण व्हिनेगर कधी घालायचं तो प्रश्न तेवढा वाचाच, सगळी मेख तिथे आहे.

व्हिनेगरवालं म्हणजे कुठलं? बार्बेक्यू सॉस तर दाट, गोड, काळपट असतो ना?

तो कॅन्सस सिटीकडचा, आणि दुकानात बाटल्या त्याच्याच जास्त मिळतात म्हणून सगळ्यांना तोच खरा वाटतो. नॉर्थ कॅरोलिनाचा सॉस पाण्यासारखा पातळ असतो, मांसावर बसत नाही तर आत मुरतो. त्यातही दोन घराणी आहेत आणि दोघांचं आपसात अजिबात पटत नाही. पूर्वेकडे, म्हणजे एडन, गोल्ड्सबरो त्या बाजूला, अख्खं डुक्कर भाजतात आणि सॉसमध्ये फक्त व्हिनेगर, मीठ, मिरी आणि लाल मिरची, टोमॅटोचं नावसुद्धा काढायचं नाही. एडनचं स्कायलाइट इन हे बार्बेक्यूचं हॉटेल १९४७ पासून हेच करतंय. पश्चिमेला लेक्सिंग्टनच्या आसपास फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडंसं केचप घालतात, त्याला तिथे सॉस न म्हणता डिप म्हणतात. लेक्सिंग्टनमध्ये दर ऑक्टोबरात बार्बेक्यूची जत्रा भरते, १९८४ पासून. दक्षिणेला खाली उतरलात की साउथ कॅरोलिनात मोहरीवाला पिवळा सॉस सुरू होतो, तो वेगळा विषय, आज नको.

कुकरासाठी लेक्सिंग्टनची पद्धत सोयीची कारण खांदा कुकरात मावतो. अख्खं डुक्कर कुठे मावणार.

पण धुराशिवाय बार्बेक्यू कसलं? हे म्हणजे नुसतं उकडलेलं पोर्क झालं.

बरोबर आहे, आणि कॅरोलिनाच्या माणसासमोर कुकरातल्या पोर्कला बार्बेक्यू म्हणू नका, उगाच वाद. हिकरी आणि ओक या लाकडांच्या निखाऱ्यांवर दहा-बारा तास ठेवलेल्या खांद्याची सर याला येणार नाही हे आधीच मान्य करून टाका म्हणजे पुढे त्रास होत नाही. पण त्या चवीतला निम्म्याहून जास्त भाग व्हिनेगर, मिरची, मीठ आणि विरघळलेल्या चरबीचा असतो, आणि तेवढं कुकर व्यवस्थित देतो.

आता धुराचं. लोक लिक्विड स्मोक घालतात. ते काही विष नाहीये, लाकडाचा खराच धूर थंड करून पाण्यात धरलेला असतो, पण पाव चमच्याच्या वर गेलात तर औषधासारखं लागतं. स्मोक्ड पॅप्रिका त्यापेक्षा बरी. माझं मत विचाराल तर धुंगार द्या. आपण भरताला देतो तसाच, फक्त तुपाऐवजी त्याच पोर्कची चरबी निखाऱ्यावर टाकायची. हे उगाच जुळवलेलं नाही हं, लेक्सिंग्टनला किंवा एडनला जो वास लांबून येतो त्यात खांद्यातून ठिबकून निखाऱ्यावर पडणाऱ्या चरबीचाच मोठा वाटा असतो. मांस मोकळं करून झालं की मोठ्या पातेल्यात घ्या, मध्ये स्टीलची वाटी, त्यात लालबुंद निखारा, वर अर्धा चमचा चरबी, आणि लगेच झाकण, पाच मिनिटं. अमेरिकेत असाल तर कोळसा साधा लाकडी घ्या, काडी लावली की पेटणाऱ्या ब्रिकेट्स नकोत, त्यांत पेटवायचं तेल मुरवलेलं असतं आणि तोच वास मांसाला लागतो. खिडकी उघडी ठेवा, स्मोक अलार्म बोंबलणारच आहे, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

कुठला तुकडा आणायचा? दुकानात काय सांगायचं?

खांदा. अमेरिकेत पाटीवर बोस्टन बट लिहिलेलं असतं, नाव काही असो, ते खांद्याचा वरचा भागच आहे. त्याच्या खालचा पिकनिक शोल्डरही चालतो पण त्याला कातडी आणि शिरा जास्त. कमरेचा भाग, म्हणजे लॉइन, कृपा करून घेऊ नका, दिसायला सुंदर गुलाबी असतो आणि कुकरातून काढल्यावर कापूस. खांद्यात चरबी आणि चिवट पांढरे पापुद्रे असतात, तेच वितळून मांस रसाळ करतात, त्यामुळे पांढरं दिसलं म्हणून तोंड वाकडं करू नका.

मुंबई-पुण्यात कोल्ड स्टोरेजवाल्याला किंवा गोव्यात पोर्कवाल्याला सांगताना मुद्दाम सांगा की खांद्याचा एकच मोठा तुकडा, कातडी काढून, आणि करीसाठी कापतात तसे बारीक तुकडे करायचे नाहीत, नाहीतर त्याचा हात सवयीने चालतो आणि सोर्पोतेलचे चौकोन हातात पडतात. कातडी भाजून कुरकुरीत केली तर मस्त लागते, एडनला तर ती मांसातच बारीक चिरून मिसळतात, पण कुकरात ती रबर होते.

बरं, प्रमाण सांगा आता.

दोन किलो खांदा, हाड काढलेला. मुठीएवढे मोठे तुकडे करा, त्याहून लहान नको. मीठ किलोला १५ ग्रॅम या हिशोबाने ३० ग्रॅम, त्यात दोन चमचे मिरपूड, दोन चमचे पॅप्रिका (नसेल तर काश्मिरी किंवा बेडगीची पूड), एक चमचा तिखट, दोन मोठे चमचे ब्राऊन शुगर किंवा किसलेला गूळ. चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलंत तर उत्तम, नाहीतर अर्धा तास, तेही नसेल तर लगेच लावा, फार काही बिघडत नाही.

सॉस वेगळा : दोन कप ॲपल सायडर व्हिनेगर, एक मोठा चमचा चिली फ्लेक्स, एक मोठा चमचा ब्राऊन शुगर, दोन छोटे चमचे मीठ, एक छोटा चमचा मिरपूड. लेक्सिंग्टनसारखा हवा असेल तर कुकरात घालायचा अर्धा कप सॉस बाजूला काढून उरलेल्यात अर्धा कप केचप. साखर-मीठ विरघळेपर्यंत कोमट करा आणि बाटलीत भरून ठेवा. आदल्या दिवशी केलात तर मिरची व्हिनेगरमध्ये उतरते आणि चव गोल होते. इथल्या लोकांना त्यात टेक्सस पीट नावाचा हॉट सॉस पण लागतो, नावात टेक्सस असलं तरी तो नॉर्थ कॅरोलिनाच्या विन्स्टन-सेलमचाच.

भारतातले चिली फ्लेक्स बरेचदा जास्त जहाल असतात, तिथे अर्ध्यापासून सुरुवात करा. बेडगी थोडी भाजून जाडसर कुटली तर रंगही छान येतो.

व्हिनेगर कुकरात घालायचं की नंतर?

थोडं आधी, बाकीचं सगळं नंतर. बहुतेकांचं इथेच फिसकटतं. लोक दोन्ही कप आधीच ओततात, तासभर शिजवतात आणि मग म्हणतात की आंबटपणा आहे पण ती झणझण कुठे गेली. व्हिनेगरचा जो नाकात जाणारा तरतरीतपणा आहे तो वाफेबरोबर उडतो, शिट्टीच्या कुकरात तर दर शिट्टीला थोडा थोडा स्वयंपाकघरात फेकला जातो, आणि जो उरतो तो पोर्कच्या सुटलेल्या रसात पातळ होऊन बसतो. शिवाय दोन कप सॉस शिजवलेल्या पाण्यात मिसळल्यावर मांसात किती गेला आणि पातेल्यात किती राहिला काही कळत नाही.

म्हणून कुकरात अर्धा कप सॉस आणि एक कप पाणी, बास. मांस शिजून, मोकळं होऊन, गरम असतानाच त्यावर सॉस घाला. आधी अर्धा कप, वरखाली करा, पाच मिनिटं थांबा, चाखा, मग अजून. लगेच चाखलंत तर नुसता आंबट फटका बसतो, पाच मिनिटांनी तोच सॉस धाग्यांत शिरलेला असतो आणि चव पूर्ण वेगळी. दोन किलोला साधारण एक ते सव्वा कप जातो, उरलेली बाटली टेबलावर ठेवा, ज्याला हवं तो घेईल.

कुठलं व्हिनेगर?

सायडर व्हिनेगर, ५ टक्के आम्लतेचं, साधं. ते तळाशी गढूळ असलेलं, लोक सकाळी अनशेपोटी पितात ते महागाचं आणायची काहीही गरज नाही. पूर्वेकडचे बरेच जण साधं पांढरं व्हिनेगरसुद्धा वापरतात, ते जास्त धारदार लागतं. भारतात मात्र बाटलीचं लेबल वाचा, बरीच स्वस्त पांढरी व्हिनेगरं ॲसेटिक ॲसिड पाण्यात घालून केलेली असतात, लेबलवर सिंथेटिक लिहिलेलं असतं, चायनीजमध्ये खपतात पण इथे व्हिनेगरच हिरो आहे त्यामुळे ती कडवट धार लपत नाही.

गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर असेल तर? बिनधास्त घाला. चव कॅरोलिनाची राहणार नाही, थोडी विंदालूकडे झुकेल, पण पोर्क आणि व्हिनेगरचं लग्न आपल्या किनाऱ्यावर कधीच लागलंय, त्यामुळे जमून जातं.

माझ्याकडे हॉकिन्स आहे, इन्स्टंट पॉट (विजेवरचा प्रेशर कुकर) नाही. किती शिट्ट्या?

शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि ४५ ते ५० मिनिटं. मध्ये एखाददुसरी शिट्टी झाली तर होऊदे, पण दणादण व्हायला लागल्या म्हणजे आच मोठी आहे आणि आतलं पाणी संपतंय. या कुकरात पाणी एक कपाऐवजी दीड कप घ्या कारण वाफ बाहेर जाते.

इन्स्टंट पॉटमध्ये हाय प्रेशरवर ६० मिनिटं. त्याचं प्रेशर आपल्या शिट्टीच्या कुकरापेक्षा थोडं कमी असतं म्हणून वेळ जास्त. अख्खा दोन किलोचा गोळा टाकलात तर ९० मिनिटं, पण तुकडेच करा, मसालाही जास्त बाजूंना लागतो. दोन्हीकडे कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही.

एक महत्त्वाचं, कुकर साध्या ॲल्युमिनियमचा असेल तर त्यात व्हिनेगर घालूच नका. आतून काळा पडतो, खड्डे पडतात आणि मांसाला धातूची चव येते. स्टील किंवा हार्ड ॲनोडाइज्ड असेल तर काळजी नाही. ॲल्युमिनियमच आहे? मग नुसत्या पाण्यात शिजवा आणि सगळा सॉस नंतर, बाहेर, स्टीलच्या पातेल्यात. चवीत फारसा फरक पडत नाही.

भट्टीवर बारा तास लागतात ते इथे तासात कसं होतं? काहीतरी कमी पडत असणार.

मांसातले ते चिवट पापुद्रे म्हणजे कोलॅजेन, ते साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे हळूहळू विरघळून जेलॅटिन होतं. भट्टीची हवा ११०-१२० अंशांची असते पण मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं आणि त्याने मांस थंड होत राहतं, ६५-७० अंशांच्या आसपास थर्मामीटरचा काटा तासन्‌तास हलतच नाही. इथले लोक रात्री दोन वाजता या काट्याकडे बघत बसतात. कुकरात वाफ कोंडलेली, पाणी उडायचा प्रश्नच नाही, आणि दाबामुळे आतलं तापमान ११५ ते १२० अंशांपर्यंत जातं, त्यामुळे तेच काम भराभर होतं. कमी पडतो तो धूर आणि वरचा काळपट कुरकुरीत थर, ओल्या वाफेत तो येणंच शक्य नाही. त्याचं पुढे सांगतेय.

झाकण उघडलं, मांस अजून घट्ट आहे. बिघडलं का?

नाही हो. परत लावा, अजून १५ मिनिटं. खांदा कधीकधी हट्टी असतो. काटा खुपसून थोडा फिरवा, धागे आपोआप सुटायला हवेत, ओढावं लागत असेल तर झालेलं नाही. हाडासकट शिजवलं असेल तर खूण अजून सोपी, फऱ्याचं चपटं हाड चिमटीत धरून ओढलं की स्वच्छ, पांढरं, मांसाचा एक कण न चिकटलेलं बाहेर सरकतं.

आणि प्रेशर स्वतःहून उतरू द्या, निदान वीस मिनिटं. घाईने वाफ सोडली की आतलं पाणी एकदम उसळून उकळतं, मांसातला ओलावा निघून जातो आणि धागे कोरडे होतात. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, व्हिनेगर आणि मिरचीची वाफ एकदम येते, ठसका लागतो आणि चष्मा तर गेलाच.

इन्स्टंट पॉटच्या पडद्यावर बर्न (तळ करपतोय) असं आलं.

तळाला साखर किंवा केचप लागलंय. आधी मांस परतलं असेल तर पाणी घालून तळ लाकडी चमच्याने खरवडून घ्या, मगच झाकण लावा. केचप कुकरात अजिबात नको, ते नंतरच्या सॉसमध्ये.

काट्याने ओढायचं की चिरायचं? आणि तो कुरकुरीत थर?

गंमत म्हणजे नॉर्थ कॅरोलिनात बरेच ठिकाणी ते ओढत नाहीतच, लाकडी ओंडक्यावर सुऱ्याने खटाखट चिरतात. लेक्सिंग्टन बार्बेक्यू नावाच्या हॉटेलात, १९६२ पासूनचं आहे, स्थानिक लोक त्याला हनी मंक म्हणतात, तिथे ऑर्डर देताना चॉप्ड (बारीक चिरलेलं), कोर्स चॉप्ड (जाडसर चिरलेलं) की स्लाइस्ड (कापांचं) ते सांगावं लागतं, आणि माहीतगार माणूस हळूच म्हणतो, आउटसाइड ब्राउन. म्हणजे बाहेरचे करपट खरपूस तुकडे वेगळे काढून द्या. कागदाच्या ट्रेमध्ये निम्म्यात ते आणि निम्म्यात केचपने लाल झालेली कोबीची कोशिंबीर येते. पहिल्यांदा जाल तर हेच मागा.

घरी असं करा : दोन काट्यांनी मांस जाड-जाड मोकळं करा, अगदी दोरे नकोत, ते चावताना लोकरीसारखे लागतात. त्यातला तिसरा हिस्सा ट्रेमध्ये पसरा, वरून थोडी चरबी शिंपडा, ओव्हनच्या ब्रॉइलवर (फक्त वरून कडक आच) पाच-सात मिनिटं, कडा काळपट होईपर्यंत. समोर उभे राहा, फोन घेऊन बसू नका. ओव्हन नसेल तर बिडाचा तवा कडक तापवून त्यावर दाबून ठेवा आणि हलवू नका. मग बाकीच्यात मिसळा आणि सॉस घाला. ही एक पायरी टाळलीत तर खरंच उकडलेलं पोर्क लागतं.

कुकरात उरलेल्या पाण्याचं काय करायचं?

फेकायचं नाही आणि सगळं परत ओतायचंही नाही. उंच भांड्यात ओता, दहा मिनिटांत चरबी वर येते, ती काढून घ्या, धुंगाराला आणि ब्रॉइलला तीच. खालचा रस आटवून निम्मा करा आणि मांस कोरडं वाटलं तर दोन-चार पळ्या. मीठ चाखून, तो खारट झालेला असतो.

सोबत काय?

साधा मऊ बन, आत पोर्क, आणि कोबी पोर्कच्या वर बनच्या आतच. लेक्सिंग्टनचा कोबी केचपमुळे लाल असतो, मेयोनीज नाही, बारीक चिरलेला कोबी आणि त्यावर व्हिनेगर, केचप, साखर, मिरपूड, थोडक्यात तोच डिप. आपण कोशिंबिरीला चिरतो तसा बारीक चिरा आणि तासभर आधी कालवून ठेवा. हश पपीज म्हणजे मक्याच्या पिठाची तळलेली बोंडं, ती सोबत हवीतच असं इथले म्हणतात. प्यायला गोड आइस टी किंवा चिअरवाइन, हे सॉल्सबरी गावचं चेरीच्या चवीचं लाल सॉफ्ट ड्रिंक आहे, वाइन नाही, पॉटलकला (सगळे एकेक पदार्थ आणतात त्या जेवणाला) मुलांना देताना आयांचे चेहरे बदलतात म्हणून सांगितलं. गोव्यात किंवा मुंबईत असाल तर पाव, दुसरं काही शोधूच नका.

दोन किलो कच्च्याचं शिजून साधारण एक-सव्वा किलो होतं, आठ-दहा जणांना सँडविचला पुरतं. मराठी मंडळाच्या हिशोबात बारा धरा, निम्मे जण एकच चव बघतो म्हणतात.

पोर्कने जंत होतात ना?

अर्धकच्च्या मांसाने होऊ शकतात. अमेरिकेच्या शेतीखात्याच्या हिशोबाने अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती पुरते, इथे आपण ११५ च्या वर तासभर ठेवतोय, काही जिवंत राहत नाही. मेंदूत गाठी होतात ती भीती लोक घालतात, तर तो आजार टेपवर्मची अंडी पोटात गेल्याने होतो, म्हणजे माणसाच्या विष्ठेने दूषित झालेलं पाणी, न धुतलेली भाजी, न धुतलेले हात. कोबी नीट धुवा म्हणजे झालं. कच्च्या मांसाचा पाट आणि सुरी वेगळी ठेवा हे वेगळं सांगायला नको.

सासूबाई आल्यात, घरात वास नको.

मग कुकर बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये लावा, इन्स्टंट पॉटचा खरा उपयोग हाच आहे.

आमच्याकडे पोर्क चालत नाही, दुसरं काय घालू?

चिकनच्या मांड्या, बोनलेस, इन्स्टंट पॉटला १२ मिनिटं, शिट्टीच्या कुकरात बारीक आचेवर ८. ब्रेस्ट नको. शाकाहारी असाल तर फणसाची कुयरी, डबाबंद मिठाच्या पाण्यातली मिळते ती दोनदा धुवून घ्या, शिट्टीच्या कुकरात दोन शिट्ट्या, तिचे धागे अगदी पोर्कसारखे सुटतात. फक्त तिला स्वतःची चरबी नसते, त्यामुळे तेलात चांगली खरपूस परता, सॉस निम्माच घाला, कारण कुयरी व्हिनेगर स्पंजासारखं पिते.

आदल्या दिवशी करून ठेवलं तर?

उलट चांगलं. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, चार दिवस राहतं, फ्रीझरला दोन-तीन महिने. थोड्या रसासकट ठेवा, कोरडं ठेवू नका. गरम करताना तव्यावर वाफ येईपर्यंत नीट तापवा आणि वरून चमचाभर ताजा सॉस, कारण रात्रीत आंबटपणा दबतो. पॉटलकला न्यायचं असेल तर ब्रॉइल केलेला कुरकुरीत हिस्सा वेगळ्या डब्यात न्या आणि तिथे पोचल्यावर मिसळा.